लग्नाची कॅसेट

घरगुती व्हिडिओचा खरा प्रसार सोनीच्या बीटामॅक्सने (१९७५) आणि जेव्हीसीच्या व्हीएचएसने (१९७६) झाला. या दोघांच्या बाजारातल्या लढाईत बीटामॅक्स हरले, हे सर्वांना ठाऊक आहे. भारतात १९८२च्या दिल्ली आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ व्हीसीआर. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) तो विकत घेणारे थोडे, भाड्याने आणणारे फार. गल्लीत वर्गणी निघे, रात्रभरात तीन सिनेमे होत आणि दुसऱ्या दिवशी शाळेत हजेरी कमी असे. (हशा)

या रात्रींची हळहळ आजही व्यक्त होते. पण ती चुकीच्या कॅसेटीवर खर्च होते. नगरच्या सदाशिव अमरापूरकरांची भूमिका असलेला ‘अर्धसत्य’ (१९८३) घरातल्या कॅसेटीवरून पुसला गेला, तरी सिनेमा शाबूत आहे. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४पासून चित्रपट जपते. लग्नाची कॅसेट मात्र बहुधा एकुलती एक असते आणि तिला कपाटावरची जागा मिळते.

जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासाचे इतके बोलके साधन दुसरे नाही. लग्नपत्रिकेत फक्त नावे असतात. कॅसेटीत मानपान दिसतो. फेटा कोणाला, नुसती टोपी कोणाला, पंगतीत आधी कोण बसले, आहेर पुकारताना कोणाचे नाव दोनदा घेतले, हे सारे तीन तासांच्या फितीत सापडते. त्यातही सत्कारांचा भाग. मुहूर्त टळून गेलेला, नवरी अंतरपाटामागे घामाघूम, आणि माइकवर कारखान्याचे संचालक, सोसायटीचे चेअरमन, सरपंच, माजी सरपंच. सनगन, म्हणजे चित्रीकरणाचा प्रखर दिवा, धरणारा पोरगा नवरीकडून उजेड काढून पुढाऱ्याकडे वळवतो. कित्येक कॅसेटींत नवरदेवापेक्षा चेअरमन जास्त वेळ दिसतात. (हशा, टाळ्या) हे निरीक्षण कोणा एका पक्षाविषयी नाही. सत्कार सर्वपक्षीय असत. सत्कारांच्या क्रमावरून गावातले राजकारण वाचता येते, आणि मंडपाच्या कडेला उभ्या बायांच्या चेहऱ्यांवरून त्या राजकारणाविषयीचे मतही.

वेळेची चिठ्ठी आल्याने तांत्रिक भाग थोडक्यात. व्हीएचएसची फीत अर्धा इंच रुंद असते; चित्र तिच्यावरील चुंबकीय थरात साठते. तो थर बांधून ठेवणारा पदार्थ दमटपणाने खराब होतो आणि फितीला बुरशी धरते. नगरचा कोरडेपणा उपयोगी आहे, पण पत्र्याखालची उष्णता घातक. फुनाई या जपानी कंपनीने २०१६ साली व्हीसीआर बनवणे थांबवले. त्यामुळे फितीआधी यंत्रच संपण्याचा धोका आहे. पांढरी बुरशी दिसणारी कॅसेट यंत्रात घालू नये; बुरशी यंत्राच्या हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटीही बिघडवते. बाकीच्या एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळून मग संगणकावर उतरवाव्यात. उतरवताना सत्कार कापू नयेत.