स्वस्त संगणकशक्ती आणि कामाची शिस्त



विजेच्या पाळीवर पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. म्हणून तो एक वाफा पुरता भिजवून मगच पाणी पुढच्या वाफ्याकडे वळवितो. मध्येच वीज गेली तरी भिजलेले वाफे वाया जात नाहीत. ती आली की पुढच्या वाफ्यापासून काम सुरू होते. संगणकाच्या क्षेत्रात आज मोठी बचत घडविणारी एक योजना याच रीतीवर उभी आहे.

क्लाउड कम्प्युटिंग म्हणजे स्वतः यंत्रे विकत न घेता दूरच्या केंद्रातील संगणकशक्ती भाड्याने घेणे. ॲमेझॉनने २००६ मध्ये असे संगणक भाड्याने देण्यास प्रारंभ केला. गर्दीच्या वेळेसाठी अशा केंद्राला यंत्रे अधिक ठेवावी लागतात. एरवी त्यांतील काही रिकामी राहतात. ही रिकामी यंत्रे डिसेंबर २००९ पासून 'स्पॉट' या नावाने स्वस्तात मिळू लागली. नेहमीच्या दरापेक्षा ९० टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. अट मात्र एकच: केंद्राला गरज पडताच यंत्र परत घेतले जाते. २०१५ पासून त्याची सूचना दोन मिनिटे आधी मिळते. गूगल व मायक्रोसॉफ्ट यांच्याही अशाच योजना असून तेथे सूचनेचा अवधी अर्ध्या मिनिटाइतका अल्प असू शकतो. २०१६ मध्ये ॲमेझॉनचे मुंबई केंद्र सुरू झाल्यामुळे ही सोय महाराष्ट्रातच उपलब्ध झाली आहे.

या सवलतीचा हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. शंभर तासांचे काम ताशी दहा रुपये दराने एक हजार रुपयांत होते. तेच ताशी तीन रुपयांनी केले आणि व्यत्ययांमुळे दहा तासांचे काम पुन्हा करावे लागले, तरी खर्च ३३० रुपयेच येतो. परंतु मधली प्रगती जपून ठेवली नसेल आणि नव्वदाव्या तासाला यंत्र गेले, तर २७० रुपये पाण्यात जातात आणि काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

यास्तव तीन पथ्ये पाळावी लागतात. कामाचे लहान, स्वतंत्र तुकडे पाडावेत. पुरा झालेला भाग त्या यंत्रावर न ठेवता वेगळ्या, कायम साठ्यात वेळोवेळी नोंदवावा. आणि एकाच जातीच्या यंत्रावर विसंबून न राहता अनेक प्रकारची यंत्रे चालतील अशी योजना करावी. म्हणजे एका प्रकारची टंचाई झाली तरी काम अडत नाही.

उपग्रह-छायाचित्रांचे विश्लेषण, चलच्चित्रांची निर्मिती, नव्या कार्यप्रणालींच्या चाचण्या ही कामे थोडी थांबली तरी बिघडत नाही. उलट, रुग्णालयाच्या नोंदी अथवा परीक्षेचे अर्ज स्वीकारणारी व्यवस्था केवळ अशा यंत्रांवर सोपविणे धोक्याचे होय. अखेरच्या दिवशी अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्याला वाचलेल्या भाड्याचे समाधान देता येत नाही. तेथे पायाभूत काम पूर्ण दराच्या यंत्रांवर ठेवून केवळ वरचा भार स्पॉट यंत्रांवर द्यावा.

तात्पर्य, कोणते काम थांबू शकते आणि कोणते थांबता कामा नये, हे आधी ठरवावे. दराची चौकशी त्यानंतर करावी. भिजलेला वाफा ज्याने राखला, त्यालाच ही स्वस्ताई लाभते.