रिकामी टाकी



या व्याख्यानमालेत तत्त्वज्ञानावर बोलणारे येतात, वाङ्मयावर बोलणारे येतात. आम्ही शाळेच्या इयत्ता फारशा चढलो नाही. जे थोडे कळले ते कामगारांच्या संगतीत आणि मागून आणलेल्या पुस्तकांत कळले. म्हणून आज आम्ही जुन्या ट्रकच्या डिझेलच्या टाकीतला गंज हा विषय घेतला आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण त्यात माणसांचे जीव गुंतलेले आहेत.

मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्याकडे पाहा. दिवाळी सरली की या भागातली वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी कुटुंबे चूलभांडी आणि पोरेबाळे घेऊन भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जगायला निघतात. त्यांना नेणारे वाहन बहुधा जुना ट्रक असतो. पाऊस लागला की भट्टी विझते, माणसे भातलावणीला परततात आणि अनेक ट्रक उभे राहतात. गंजाचे फावते ते याच चार महिन्यांत.

कसे ते सांगतो. अर्धी टाकी रिकामी म्हणजे अर्धी टाकी हवेने भरलेली. ओली हवा झाकणाच्या छिद्रातून आत जाते, रात्री पत्रा गार झाला की तिचे दव होऊन आत ठिबकते. पाणी डिझेलहून जड, म्हणून तळाशी बसते आणि लोखंड खाऊ लागते. पाणी आणि डिझेल यांच्या सांध्यावर सूक्ष्म जंतूही वाढतात व आम्ल सोडतात. दिवाळीला ट्रक सुरू झाला की गंजाची पूड फिल्टरमध्ये अडकते, इंजिनाला डिझेल पुरत नाही, आणि भर चढावर, मागे माणसे बसलेली असताना, गाडी दम टाकते. पूड फिल्टरमधून निसटली तर पंप आणि नोझल झिजतात. तिथली फट मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढीच असते.

मग मालक म्हणतो, टाकी साफ करा. साफ करतो कोण? रस्त्याकडेच्या गॅरेजातला एक मिस्त्री आणि त्याच्या हाताखालचा पोऱ्या. तो तोंडाने नळी ओढून डिझेल काढतो. घोट छातीत गेला तर फुप्फुसाला सूज येते, ती प्राणावरही बेतते. नंतर टाकी 'रिकामी' झाली म्हणून कुणी विडी पेटवतो, कुणी भोक बुजवायला वेल्डिंग लावतो. मित्रहो, भरल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक! डिझेल द्रवरूपात सहजी पेटत नाही. त्याची वाफ हवेत मिसळली की पेटते. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे डिझेलची वाफ ३५ अंश सेल्सिअसला ठिणगीने भडकली तरी ते डिझेल नियमात बसते. उन्हाळ्यात उघड्यावरचा पत्रा त्याहून किती तापतो हे तुम्ही जाणता. वेल्डिंगची ज्योत तर गार पत्र्यावर चिकटलेल्या डिझेलचीही वाफ करते.

तेव्हा रीत अशी असावी. बॅटरीची तार सोडा. डिझेल तळाच्या बोल्टातून डब्यात उतरवा, तोंडाने ओढू नका. टाकी खाली काढून उघड्यावर न्या, काट्याचा भाग आणि नळ्या सोडवा. धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने ती पुन्हा पुन्हा धुवा. वास गेला म्हणजे वाफ गेली असे मात्र समजू नका. मग पाणी असतानाच आत एक साखळी सोडून टाकी हलवा. सुटे खडे-नट आतल्या आडव्या पत्र्यांमागे अडकतात, साखळी मात्र अख्खी बाहेर येते. उरलेल्या गंजाला दहा लिटर कोमट पाण्यात अर्धा ते एक किलो सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबाचे सत्त्व, घालून रात्रभर ठेवा. संडास धुण्याचे तेजाब नको. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खाते. कोणतेही आम्ल लोखंडाला लागले की हायड्रोजन निघतो आणि तोही पेटतो, म्हणून तोंडे उघडी ठेवा, विस्तव दूर ठेवा, हातमोजे व चष्मा घाला. शेवटी सोड्याच्या पाण्याने आम्ल मारा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि हवेच्या झोताने लगेच वाळवा. ओला पत्रा पाहता पाहता पुन्हा तांबारतो. आत थोडे डिझेल फिरवून काढा, फिल्टर नवा घाला. पत्रा चाळणीसारखा झाला असेल तर टाकी नवी घ्या. धुवण ओढ्यात ओतू नका. याच तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबई पिते, आणि त्याआधी ओढ्याचे पाणी आपली गुरे पितात.

आता कायद्याचे ऐका. ज्वालाग्राही पदार्थाची टाकी वाफेसकट साफ केल्याशिवाय तिला वेल्डिंग लावू नये, असे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३७ व्या कलमाने स्पष्ट सांगितले. उत्तम! पण कारखाना कोणता? वीज वापरणारा आणि निदान १० कामगारांचा. २०२० च्या संहितेने तो आकडा २० केला. दोन माणसांचे गॅरेज तेव्हाही त्या व्याख्येच्या बाहेर होते, आता आणखी दूर गेले. १८ वर्षांखालच्या मुलाला ज्वालाग्राही पदार्थांच्या कामाला लावू नये, हे २०१६ च्या दुरुस्तीने ठरवले. ते मात्र लहान गॅरेजलाही लागू आहे. तरीही पोऱ्याच्या हातात टाकी दिसते.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. ट्रकमालकाने पावसाळ्यापूर्वी टाकी भरून ठेवावी. निम्मा गंज तिथेच टळेल. मिस्त्रींनी एकत्र यावे आणि न धुतलेल्या टाकीला ज्योत लावणार नाही, असा नियम आपणच करावा. एकटा मिस्त्री नाही म्हणाला तर गिऱ्हाईक शेजारच्या गॅरेजात जाते. बाजारातले सगळे नाही म्हणाले तर गिऱ्हाईकाला थांबावे लागते. कायद्याचे शब्द ज्यांच्यापर्यंत पोचत नाहीत, त्यांनी ते स्वतः उचलून न्यावेत, यालाच आम्ही संघटना म्हणतो.