तीन, चार, पाच



आपल्या दापोरा गावच्या वावरात केळी लावायची तर आधी एक कोपरा काटकोनात बसवावा लागतो. तो चुकला की पुढची प्रत्येक ओळ तिरपी जाते. कोपऱ्यावर खुंटी ठोकायची, एका बाजूला तीन हात, दुसरीकडे चार हात मोजून तिथेही खुंट्या ठोकायच्या, आणि त्या दोन टोकांत बरोबर पाच हात भरेपर्यंत टोकाची एक खुंटी सरकवत राहायचं. भरले, की काटकोन झाला. मग पाच बाय पाच फुटांवर आखणी केली की एकरात साधारण 1742 खोडं बसतात.

हा काटकोन आधी होता कुठे? मातीत नव्हता. माती उंचसखल, दोरीला जाडी, खुंटी वाकडी. जाडी नसलेली रेषा फक्त मनातच असते. तरी मनातला हिशेब वावरात खरा ठरतो. मला याचं अजून नवल वाटतं.

याचंच जुनं उदाहरण गणिती भास्कराचार्यांचं. त्यांचा 'सिद्धान्तशिरोमणी' 1150 सालचा. त्यातल्या 'लीलावती'त 32 हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडतो आणि शेंडा बुंध्यापासून 16 हातांवर टेकतो. मोडला किती उंचीवर? 12 हातांवर. वरचा तुकडा 20 हातांचा. बारा, सोळा, वीस: तेच तीन, चार, पाच, चौपट केलेले! वेळू आचार्यांच्या मनात उगवला, पण वादळात मधेच मोडून शेंडा टेकलेलं आपलं केळीचं खोडही त्याच नियमात बसतं. चाळीसगावजवळच्या पाटणचा 1207 सालचा शिलालेख सांगतो, की त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. हे आपल्याच खानदेशात घडलं.

पण हीच दोरी उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत ताणली तर? तिथे एकाच त्रिकोणात तीन काटकोन बसू शकतात, आणि तीन-चार-पाच चालत नाही. अशा वाकड्या पृष्ठांच्याही पुढे जाऊन वाकड्या अवकाशाचं गणित गणिती रीमान यांनी 1854 मध्ये मांडलं, तेव्हा त्याची गरज फारशी कुणाला नव्हती. साठेक वर्षांनी आइन्स्टाइन यांना गुरुत्वाकर्षणासाठी नेमकं तेच हवं होतं.

म्हणून माझं मत असं: गणित मन घडवतं, पण त्यातलं कुठलं कुठे लागू पडेल, हे जमीनच ठरवते.

यंदा आखणीला दोरी ताणाल तेव्हा घरातल्या पोरांना बोलवा. खुंटी त्यांनाच सरकवू द्या, पाच हात त्यांनाच मोजू द्या.