एकट्या कोंबडीची सोबत

मुंगसाने खुराड्यात शिरून चारांपैकी तीन कोंबड्या मारल्या, अथवा रोगाची साथ येऊन सारा कळप गेला आणि एकच कोंबडी मागे उरली, असा प्रसंग कोंबड्या बाळगणाऱ्या घरांना नवा नाही. खेड्यात अशी कोंबडी शेजारच्या कळपात हळूहळू मिसळून जाते. शहराच्या कडेला, कुंपणाच्या आत, मुलांनी नाव ठेवून पाळलेल्या कोंबडीला ही सोय नसते. ती दिवसभर दाराशी घुटमळते, माणसांच्या पायांत येते. आणि घरच्यांना वाटते की तिला माणसांचा लळा लागला. वस्तुतः त्यात लळा थोडा आणि निरुपाय अधिक असतो.

कोंबडी हा मुळात कळपाने राहणारा पक्षी. तिचा पूर्वज तांबडा रानकोंबडा आजही हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलांत लहान टोळ्या करून हिंडतो. टोळीत एक पक्षी दाणे टिपीत असता दुसरा मान उंचावून पाहत असतो. आकाशात ससाणा दिसला तर इशारा एक, जमिनीवरून शत्रू आला तर दुसरा. रात्री अंगाला अंग लावून बसल्याने ऊबही मिळते. एकट्या पडलेल्या कोंबडीला चरणे आणि पहारा ही दोन्ही कामे स्वतःच करावी लागतात. तेव्हा सोबत ही तिची चैन नव्हे, गरज आहे.

परंतु बाजारातून दुसरी कोंबडी आणून खुराड्यात सोडली म्हणजे सोबत झाली, असे मात्र नाही. थॉरलाइफ शेल्डेरुप-एबे या नॉर्वेजियन संशोधकाने लहानपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण केले आणि १९२२ साली जर्मन भाषेतील आपल्या निबंधात दाखवून दिले की, कळपात कोणी कोणास टोचावे याचा क्रम ठरलेला असतो. दाण्यावर आणि बसण्याच्या जागेवर पहिला हक्क कोणाचा, हे त्या क्रमानेच ठरते. एकट्या उरलेल्या कोंबडीच्या लेखी सारे अंगण तिचे असते. तेथे आलेली नवी कोंबडी तिला प्रथम मैत्रीण वाटत नाही, घुसखोर वाटते.

म्हणून पहिली काळजी निवडीची. नवी कोंबडी अंगापिंडाने जुनीच्या तोलाची असावी. पिलू तर मुळीच नसावे. शक्य तर एकीऐवजी दोन तलंगा आणाव्यात, म्हणजे टोचणीचा सारा भार एकीवर पडत नाही. दुसरी काळजी रोगाची. मानमोडीचा रोग बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या पक्ष्याबरोबरही येऊ शकतो. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूची साथ उद्भवली, तेव्हा असंख्य कोंबड्या मारून पुराव्या लागल्या होत्या. यास्तव नव्या पाहुण्यांना तीन-चार आठवडे दूर, निराळ्या भांड्यांत दाणापाणी देऊन ठेवावे.

त्यानंतर मध्ये तारेची जाळी लावून दोघींना आठवडाभर एकमेकींच्या दृष्टीसमोर ठेवावे. मग मोकळ्या अंगणात एकत्र सोडावे. मात्र दाणापाणी दोन ठिकाणी असावे आणि पळून आड होण्यास एखादी टोपली किंवा झुडूप असावे. थोडी टोचाटोची होणारच. ती पाहून दर खेपेस त्यांना वेगळे केले तर क्रम ठरत नाही आणि भांडण लांबते. रक्त दिसले तर मात्र जखमी कोंबडीला तत्काळ बाजूला काढावे, कारण रक्ताच्या ठिपक्यावर चोची पुनःपुन्हा पडतात.

खेड्यातील जाणत्या स्त्रियांना आणखी एक वाट ठाऊक असते. उरलेली कोंबडी खुडुक झाली तर तिच्याखाली फळलेली अंडी ठेवावीत. एकवीस दिवसांनी पिले निघतात आणि ती त्यांना आपल्या पंखांखाली घेते. सोबत आणावी लागत नाही, ती घरातच जन्मते. मात्र पिलांत नर किती निघतील आणि त्यांचे पुढे काय करावयाचे, याचा विचार अंडी ठेवण्यापूर्वीच झाला पाहिजे.

यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. जुनी कोंबडी वयाने थकलेली असेल तर नव्या दोघी तिच्यामागे उरतील. पुढे त्यांतील एक जाईल, आणि पुन्हा एकटी मागे राहील. ही साखळी पुढे चालविण्याची घराची तयारी आहे काय? नसेल, तर भरल्या कळपाच्या एखाद्या ओळखीच्या घरी तिला रीतसर सोपविणे हाही सोबतीचाच मार्ग होय. मुलांना ते निष्ठुरपणाचे वाटेल. मात्र कोंबडी आपल्याजवळच राहावी ही ओढ मुलांची असते. तिला सायंकाळी हवी असते ती शेजारच्या पिसांची ऊब. तिच्यासाठी निर्णय घेताना या दोन गोष्टींत गल्लत होऊ नये.