इंजिन नसलेलं विमान

सातारा-सांगलीकडची काही मुलं-मुली हल्ली वैमानिक व्हायला बारामतीला जातात, काही त्याहून लांब जातात. २०० तासांचं उड्डाण पुरं होतं, व्यावसायिक परवाना हातात येतो आणि मग नोकरीची वाट पाहणं सुरू होतं. या रिकाम्या दिवसांत काय करावं, असं मला कुणी विचारलं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. ग्लायडर शिका. त्यानं नोकरी लवकर लागेल असं नाही. पण विमान उडवताना आपण कितीतरी गोष्टी इंजिनावर सोपवून मोकळे होतो, हे तिथं पहिल्याच दिवशी कळतं.

कागदोपत्री गोष्ट आधी उरकतो. आपल्याकडे ग्लायडरचा परवाना वेगळाच असतो, विमानाच्या परवान्यावर तो शिक्का मारून मिळत नाही. वयाची अट १६ वर्षांची. आंतरराष्ट्रीय नियमावलीत किमान ६ तासांचं उड्डाण, त्यातले २ तास एकट्यानं, आणि २० वेळा उडून उतरणं अपेक्षित आहे. विमानाच्या अनुभवाची सूट द्यायची की नाही, हे ज्या त्या देशानं ठरवायचं. अमेरिकेनं ती सढळ हातानं दिली आहे. तिथं ४० तास विमान चालवलेल्या खासगी वैमानिकाला ग्लायडरवर ३ तास पुरतात. त्यातली १० उड्डाणं मात्र एकट्यानं करावी लागतात. लेखी परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही.

आपल्याला जवळचं ठिकाण म्हणजे पुण्याचं हडपसर. केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं तिथं १९५० साली ग्लायडिंग सेंटर सुरू केलं. आपल्या देशानं स्वतःची ग्लायडर्सही बनवली. १९५८ साली ‘अश्विनी’ उडालं, १९६१ साली ‘रोहिणी’. एस. रामामृतम यांनी आखलेल्या ‘रोहिणी’त शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी शेजारी बसायचे. भरणी, कार्तिक, मृगशीर, आर्द्रा अशीही नावं आहेत. पंचांग बघून पेरणी करणाऱ्या माणसाला नक्षत्रांचा हा क्रम सांगावा लागणार नाही.

ग्लायडर वर जातं ते विंचनं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या ड्रमवर तार गुंडाळणारं यंत्र असतं. तार ओढली की पळत्या पोराच्या हातातल्या पतंगासारखं ग्लायडर उभं चढतं आणि मिनिटाच्या आत सुमारे ३०० मीटरवर पोचतं. वैमानिक तार सोडतो. यानंतर फक्त वाऱ्याचा आवाज. विमानाच्या वैमानिकाला हा चढ भलताच खडा वाटतो. त्यातच मध्येच तार तुटली तर काय करायचं, हे शिक्षक मुद्दाम तार सोडून करून घेतात. नाक ताबडतोब खाली, वेग परत आला का ते पाहायचं, आणि मगच समोर उतरायचं की वळायचं ते ठरवायचं. इथं विमानवाला हमखास एक क्षण उशीर करतो.

खरी फजिती होते ती पायांची. लहान विमानात वळताना पायांनी चालवायचा शेपटीचा रडर थोडा कमीजास्त झाला तरी चालून जातं, निदान तसं वाटतं. ग्लायडरचे पंख १५ मीटर किंवा त्याहून लांब. पंखांच्या टोकाकडचा एलेरॉन दिला की वर उठणारा पंख मागे ओढला जातो आणि नाक नेमकं उलट्या बाजूला वळतं. ते सरळ ठेवायचं काम पायांचं. काचेवर बाहेरून लोकरीचा एक धागा चिकटवलेला असतो. हवा समोरून येत असेल तर धागा सरळ राहतो, नाहीतर तिरका होतो. किती हजार तास उडालात हे त्या धाग्याला ठाऊक नसतं.

हातांचं त्या मानानं सोपं आहे. डाव्या हाताशी एअरब्रेकचा दांडा असतो. तो मागे ओढला की ग्लायडर जास्त वेगानं खाली येतं, पुढे ढकलला की कमी. इंजिनाच्या थ्रॉटलची सवय इथं योगायोगानं उपयोगी पडते. फक्त हा दांडा कितीही पुढे ढकलला तरी उंची वाढत नाही. उतरणं चुकलं म्हणून पुन्हा चक्कर मारायची सोय नाही. म्हणून सर्किटमध्ये, म्हणजे उतरण्याआधीच्या फेरीत, शिरतानाच उंची, वारा आणि उतार यांचा हिशेब झालेला असावा लागतो.

या हिशेबाची गोष्ट कॅनडात घडली. २३ जुलै १९८३ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ आकाशातच इंधन संपून बंद पडलं. किलो आणि पौंड यांच्या घोळात लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहूनही कमी भरलं होतं. कॅप्टन बॉब पिअर्सन हौशी ग्लायडरपटू. गिमली इथल्या जुन्या लष्करी धावपट्टीशी पोचले तेव्हा विमान फार उंच होतं. त्यांनी ग्लायडरवाल्याप्रमाणे एलेरॉन एका बाजूला आणि रडर दुसऱ्या बाजूला देऊन ते मोठं जेट आडवं घसरवत खाली आणलं. ६९ जण वाचले. सगळं श्रेय ग्लायडरला देऊ नये. ती धावपट्टी कुठं आहे हे सहवैमानिकाला माहीत होतं, कारण तो तिथं हवाई दलात काम करून गेला होता.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. विमानातून पाहताना शेत म्हणजे हिरवा-तपकिरी नकाशा असतो. ग्लायडरवाल्याला तेच इंधन, कारण त्याला उंची मिळते ती तापून वर उठणाऱ्या हवेतून. कृष्णाकाठचा भिजलेला ऊस उन्हाची उष्णता बाष्पीभवनात घालवतो, तिथली हवा फारशी उठत नाही. आटपाडी, जत, माण, खटाव इथलं कोरडं रान मात्र मार्च-एप्रिलच्या दुपारी तापतं आणि वरची हवा उचलून धरतं. ज्या तालुक्यांना आपण दुष्काळी म्हणतो, त्यांचं आकाश मोठं श्रीमंत असतं. घार पंख न हलवता गोल फिरताना दिसली की तिथं हवा वर चढते आहे असं समजावं. मेंढपाळांनी हे रोज पाहिलेलं असतं.

दुसरी चढती हवा डोंगरकड्यांची. चाळकेवाडीच्या पवनचक्क्या ज्या वाऱ्यावर फिरतात, तो कड्याला धडकून वर जातो. पण तो जोरात असतो पावसाळ्यात, आणि तेव्हा ढग कड्यालाच टेकलेले. म्हणूनच पाचगणीचे पॅराग्लायडरवाले पावसाळा संपल्यावर उडतात. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या ढगाखाली तर जाऊच नये. तो न मागता उचलतो आणि मग सोडत नाही.

उंची संपली तर? कराडची धावपट्टी लांब राहिली, कवलापूरची जुनी धावपट्टीही आवाक्यात नाही, तर रानातच उतरायचं. वरून उभा ऊस हिरवळीसारखा सपाट दिसतो, प्रत्यक्षात तो माणसापेक्षा उंच असतो. ज्वारी काढून मोकळं झालेलं रान निवडावं, विजेच्या तारा पाहाव्यात, चढाच्या दिशेनं उतरावं. सुखरूप उतरलात की पंख काढून ट्रेलरवर चढवायचे असतात. पण त्याच्या आधी रानाच्या मालकाला शोधायला निघावं. बहुतेक वेळा तो तुमच्याआधीच निघालेला असतो, आणि त्याच्यामागं अख्खं गाव.