ऐंशी जागा आणि उरलेली मुले
(अचलपूर येथील विद्यार्थी व पालक मेळाव्यात केलेले भाषण)



सत्काराचा कार्यक्रम लांबला आहे आणि मागच्या रांगेतील मुले चुळबुळ करू लागली आहेत, हे मला दिसते. म्हणून लांबण न लावता विषयाला हात घालतो. पत्रिकेवर माझा विषय 'शासकीय गुणवत्ता शाळा व विद्यार्थी सहाय्य' असा छापला आहे. नाव भारदस्त आहे. पण प्रश्न आपल्या घरातलाच आहे. पाचवीत शिकणाऱ्या आपल्या मुलीला किंवा मुलाला फुकटात उत्तम शाळा मिळू शकते काय, आणि नाही मिळाली तर पुढे काय?

शासनाची शाळा म्हटली की आपण नाक मुरडतो. परंतु आपल्या जिल्ह्यातच एक शासकीय शाळा अशी आहे की जिच्या प्रवेशासाठी लोक वर्षभर धडपडतात. अमरावतीचे जवाहर नवोदय विद्यालय. १९८५-८६ साली केंद्र शासनाने या योजनेचा प्रयोग केला, तेव्हा साऱ्या देशात फक्त दोन विद्यालये निघाली. एक हरियाणातील झज्जरला आणि दुसरे आपल्या अमरावतीला. आज देशात अशी सहाशेहून अधिक विद्यालये आहेत. सहावी ते बारावी राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके मोफत. नववीपासून काही विद्यार्थ्यांकडून विकास निधी घेतात, पण मुली, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातीचे आणि दारिद्र्यरेषेखालील विद्यार्थी यांना तोही माफ आहे. त्याच्याही आधी, साठच्या दशकात, महाराष्ट्र शासनाने खेड्यांतील हुशार मुलांसाठी शासकीय विद्यानिकेतने काढली होती. म्हणजे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही.

अमेरिकेत अशा वेगळ्या, ओढून घेणाऱ्या सरकारी शाळांना 'मॅग्नेट स्कूल', म्हणजे चुंबक शाळा, म्हणतात. त्यांचा जन्म कशातून झाला हे आपण मुद्दाम समजून घेण्यासारखे आहे. १९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने 'ब्राऊन' खटल्यात निकाल दिला की, काळ्या मुलांना निराळ्या शाळेत बसविणे घटनाबाह्य आहे. निकाल झाला, पण वस्त्याच वेगळ्या, त्यामुळे शाळाही वेगळ्याच राहिल्या. गोरे पालक आपली मुले काळ्या वस्तीतील शाळेत धाडीनात. मग काही शहरांनी युक्ती केली. काळ्या वस्तीतील शाळेतच असे उत्तम शिक्षण ठेवावयाचे की लोकांनी आपण होऊन मुले आणावीत. १९६८ साली टॅकोमा शहरातील मॅककार्व्हर प्राथमिक शाळेत हा प्रयोग झाला. तिला अशी पहिली शाळा मानतात. गावकुसाबाहेरची शाळा आणि गावातली शाळा यांचा इतिहास ज्यांच्या आजोबांनी भोगला, त्यांना याचा अर्थ फोडून सांगण्याची गरज नाही.

मात्र त्यांची चुंबक शाळा आणि आपले नवोदय यांत एक मोठा फरक आहे. त्यांच्याकडील पुष्कळ शाळांत अर्ज जास्त आले तर सोडत काढतात. आपल्याकडे परीक्षा घेऊन निवडतात. त्यांचा हेतू मुले एकत्र आणण्याचा होता, आपला खेड्यातील गुणी मुले वेचण्याचा. वेचणे म्हटले की न वेचलेली मुले आलीच.

आता आकडे पाहू. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० मुले घेतात. आपल्या अमरावती जिल्ह्यात तालुके १४. सरासरीने एका तालुक्याच्या वाट्याला सहाही जागा येत नाहीत. या ८० पैकी किमान ७५ टक्के, म्हणजे ६० जागा, ग्रामीण भागातील मुलांच्या. एकतृतीयांश जागा मुलींसाठी. अनुसूचित जाती-जमातींसाठी जिल्ह्यातील लोकसंख्येच्या प्रमाणात जागा आणि अलीकडे इतर मागासवर्गीयांसाठीही आरक्षण.

यात आपल्या लोकांच्या हातून ज्या गोष्टी निसटतात त्या सांगतो, कृपया लक्ष द्यावे.

पहिली गोष्ट ग्रामीण जागांची. ग्रामीण म्हणून अर्ज करावयाचा तर मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण केलेली असली पाहिजेत. या तीन वर्षांत तो एक दिवस जरी शहरी भागातील शाळेत शिकला, तरी तो शहरी धरला जातो. आता आपल्याकडे काय होते? रासेगावचा किंवा धामणगाव गढीचा शेतमजूर बाप पोटाला चिमटा घेऊन पोराला तिसरीत परतवाड्याच्या इंग्रजी शाळेत घालतो. ऑटोचे भाडे भरतो, फी भरतो. आणि त्याच दिवशी त्याचे लेकरू ६० जागांच्या रांगेतून निघून उरलेल्या २० जागांच्या रांगेत जाऊन उभे राहते. त्याला हे कोणी सांगतच नाही. गावची जिल्हा परिषद शाळा वाईटच असते असे मी म्हणत नाही आणि चांगलीच असते असेही म्हणत नाही. पण निर्णय घेताना एवढी माहिती बापाजवळ असली पाहिजे. आपण अचलपूर-परतवाड्याचे लोक नगरपरिषदेच्या हद्दीत राहतो, म्हणून आपली मुले तर शहरीच. शिवाय काही गावे ग्रामपंचायतीची असूनही जनगणनेत शहरी धरलेली असतात. म्हणून आपले गाव कशात मोडते ते मुख्याध्यापकांकडून आधी विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट, ही परीक्षा जन्मात एकदाच देता येते. पुढल्या वर्षी पाहू, असे येथे चालत नाही. १०० गुण, ८० प्रश्न, दोन तास. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. त्यात ४० प्रश्न आणि ५० गुण नुसत्या आकृत्यांचे असतात. वेगळी आकृती ओळखा, अपुरी पूर्ण करा, आरशातली प्रतिमा सांगा. उरलेले गणित आणि भाषेचे. प्रश्नपत्रिका मराठीतून मिळते आणि चुकल्यास गुण वजा होत नाहीत. मी पुष्कळ वर्षे पाचवीला शिकवले आहे. आकृत्यांच्या या प्रश्नांना घराण्याची विद्या लागत नाही. ज्या मुलाने असे दोनशे प्रश्न सोडवले ते मूल सोडवते आणि ज्याने परीक्षेच्या दिवशीच ते प्रथम पाहिले ते मूल गांगरते. गुणवत्ता गुणवत्ता म्हणून आपण ज्याला हार घालतो, त्यातला किती भाग सरावाचा असतो, याचा विचार सत्कार करणाऱ्यांनीही कधी करावा.

तिसरी गोष्ट दाखल्याची, आणि ही खास आपली आहे. महाराष्ट्राने १९६० सालीच नवबौद्धांना सवलती दिल्या. पण केंद्राच्या कायद्यात बौद्धांना अनुसूचित जातीत धरले गेले ते १९९० साली. अमरावतीचे नवोदय सुरू झाले त्यानंतरची तीन-चार वर्षे, धर्म बौद्ध लिहिणाऱ्या मुलाला केंद्राच्या शाळेत राखीव जागा मागण्यास कायद्याचा आधारच नव्हता. आज तो आहे. परंतु केंद्राच्या कामासाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याचा दाखला घेऊन लोक जातात आणि शेवटच्या दिवसांत तहसीलच्या चकरा मारत बसतात. पाचवी सुरू होताच दाखल्याचा अर्ज टाका.

आणि मुली. जागा एकतृतीयांश आहेत, पण आया कचरतात. "माह्यं लेकरू दहा वर्साचं, त्याले एकटं कसं धाडू जी?" असे मला एका माउलीने विचारले होते. तिची काळजी खोटी नाही. वसतिगृहात धाडलेल्या लेकरामागे कोणीतरी असावे लागते. यासंबंधी एक दुःखद गोष्ट सांगणे मला भाग आहे. २०१८ च्या डिसेंबरात 'इंडियन एक्सप्रेस'ने प्रसिद्ध केले की, २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशभरच्या नवोदय विद्यालयांत ४९ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले आणि त्यांतील निम्मे दलित व आदिवासी होते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानेही त्याची दखल घेतली. विद्यालये लाखो मुलांना शिकवतात, त्यामानाने संख्या लहान आहे असे कोणी म्हणेल. मला ते म्हणवत नाही. खेड्यातले मूल एकदम घरापासून तुटते, आठवी-नववीत गणित-विज्ञान इंग्रजीतून सुरू होते, नववीत काही मुलांना एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रांतातील विद्यालयात पाठवतात. योजना राष्ट्रीय एकात्मतेची आहे, चांगली आहे. पण निवड झाली, हार घातला, पेढे वाटले, आणि मग पाच वर्षे त्या मुलाची कोणी चौकशीच केली नाही, हे योग्य नव्हे. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी वसतिगृहात असेल आणि मन खचले असेल, तर गुरुजींना, घरच्यांना किंवा आमच्यापैकी कोणालाही बेधडक सांगा. परत यावेसे वाटले तर परत या. त्यात कमीपणा कसला?

आता ज्यांची निवड होत नाही त्यांचे काय? खरे तर माझ्या भाषणाचा मुख्य भाग हाच आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटीत न्यायालयाच्या आदेशाने चुंबक शाळांवर अब्जावधी डॉलर खर्च झाले, इमारती आणि पोहण्याचे तलाव बांधले, तरी मुलांची प्रगती अपेक्षेइतकी झाली नाही. उलट सॅन दिएगोच्या क्लेअरमाँट हायस्कूलमध्ये १९८० साली मेरी कॅथरिन स्वॉन्सन या इंग्रजीच्या शिक्षिकेने ३२ मुलांचा एक वर्ग काढला. न्यायालयाच्या आदेशामुळे गरीब वस्त्यांतून मुले त्या शाळेत येऊ लागली होती. इतरांचे मत पडले की यांना सोपे विषय द्यावेत. या बाईंनी त्यांना अवघड विषयांच्या वर्गांतच बसविले, आणि रोज एक तास वेगळा ठेवला. त्या तासाला टिपणे कशी काढावी, प्रश्न कसा विचारावा हे शिकवायचे आणि कॉलेजातील मुले मदतीला बोलवायची. हीच पद्धत पुढे 'अविड' या नावाने देशभरच्या शाळांत पसरली. यात वेगळी इमारत नव्हती, प्रवेश परीक्षा नव्हती. पहिल्या दहात न येणारी, पण धडपडणारी मधली मुले होती.

यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याची तरी काय गरज? बाबासाहेब सरकारी एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकले, बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून पुढे गेले. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा लगेच १९२५ साली सोलापुरास वसतिगृह काढले. कॉलेज नंतर, वीस वर्षांनी. आधी मुलाच्या जेवणाची, निजण्याची आणि दिव्याची सोय. आपल्या शेजारच्या अंजनगाव तालुक्यातील शेंडगावचे गाडगेबाबा, त्यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, तीही विद्यार्थ्यांसाठीच.

आज शासनाचे सहाय्य आहे, पण ते मागणाऱ्याला मिळते. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा होते. उत्तीर्ण होऊन निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये. ही फक्त शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांना मिळते. विनाअनुदानित इंग्रजी शाळेतील मूल, बाप कितीही गरीब असो, बसू शकत नाही. नवोदयमध्ये गेलेल्यांनाही ती नाही. म्हणजे नवोदय हुकलेल्या मुलाला तीन वर्षांनी हे दार उघडते. दहावीनंतर शासकीय वसतिगृह, आणि तेथे जागा न मिळाल्यास २०१६-१७ पासून बाबासाहेबांच्याच नावाची स्वाधार योजना. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तर १९४४ पासूनची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असतानाची.

हे सर्व मी संस्थेसमोर ठेवतो ते एका मागणीसाठी. दरवर्षी आपण गुणवंतांचा सत्कार करतो, शाल-श्रीफळ, मानचिन्ह, मंडप. तो करावा, मी त्याच्या विरुद्ध नाही. परंतु मंडपाचा खर्च थोडा आखडून विहाराच्या मागील खोलीत पाचवी आणि आठवीच्या मुलांचा रविवारचा वर्ग चालवावा. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स प्रती, एक फळा, आणि आपल्यातले कॉलेजात शिकणारे चार-पाच जण. नवोदयला बसणारी मुले त्यात येतीलच; पण निकाल लागल्यावर ज्यांची निवड झाली नाही त्यांनी वर्ग सोडावयाचा नाही, ही अट घालावी. आणि जी मुले वसतिगृहांत गेली आहेत, त्यांना महिन्यातून एकदा भेटून यावयाचे काम दोन सभासदांकडे नेमून द्यावे.

अध्यक्ष महोदयांनी अनुमती दिली आहे, म्हणून दारापाशी टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्यांचे मूल यंदा चौथी, पाचवी किंवा आठवीत आहे त्यांनी मुलाचे नाव, शाळेचे गाव आणि जातीचा दाखला आहे की नाही, एवढे लिहून जावे. कॉलेजच्या मुलांनी रविवारची सकाळ देता येईल काय ते दुसऱ्या पानावर लिहावे.