मोटारीच्या ठिणगीची परीक्षा

मोटारीच्या इंजिनात पेट्रोल पेटते ते ठिणगीने, हे आपण जाणताच. ती ठिणगी नेमक्या क्षणी पडावी म्हणून धातूच्या दोन टिकल्या सारख्या मिटत-उघडत असतात. कारागीर त्यांना 'पॉइंट' म्हणतात. त्या मिटल्या की कॉइलमधून प्रवाह वाहतो. उघडल्या की तो तुटतो, आणि त्या धक्क्याने कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होतो.

आधीच्या पुष्कळ गाड्यांत एका स्फोटासाठी ठिणग्यांची सरच पडे. अमेरिकेत डेटन गावी, मित्राच्या कोठारात काम करणाऱ्या चार्ल्स केटरिंग यांनी एकाच ठिणगीवर भागवले, आणि त्यांची रचना कॅडिलॅकच्या १९१० च्या गाड्यांत बसली. पण एकच ठिणगी म्हटल्यावर ती चुकून कसे चालेल?

थोडे गणित करू. शिक्षकमंडळींनी ते वर्गातही घ्यावे. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. मिनिटाला हजार फेरे धरले, तर तासाला एक लाख वीस हजार. गाडी ताशी २५ मैल चालली, तर दहा हजार मैलांत ४ कोटी ८० लाख वेळा उघडझाप!

हे रस्त्यावर कोण मोजणार? टेबलावर विजेच्या मोटरीने रात्रंदिवस फिरवले, तर सतरा दिवसांत काम होते. वेग तिप्पट केला, तर सहाच दिवसांत. पण इथेच फसगत आहे. वेग वाढला की टिकल्या मिटून राहण्याचा अवधी घटतो, प्रवाह पुरता चढत नाही, आणि टिकल्या झटकन दूर होतात. मंद इंजिनात उलट घडते. प्रवाह भरपूर, उघडणे सावकाश. फटीत जाळ रेंगाळतो आणि धातू खातो. म्हणजे घाईची परीक्षा ही सोपी परीक्षा झाली! शिवाय टेबलावर ना धूळ, ना तेलाचा ओशटपणा, ना इंजिनाची धग. नुसता उघडझापांचा आकडा सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

धातू झिजतो तोही मोठा गमतीने. एका टिकलीवर खड्डा पडतो, समोरचीवर उंचवटा येतो. जाळ आवरायला कंडेन्सर जोडतात. पण त्याची क्षमता कमी-जास्त झाली की खड्ड्याची बाजूच बदलते. आरंभी टिकल्या प्लॅटिनमच्या असत. ते १,७६८ अंशांना वितळते. पुढे टंगस्टन आले, ते ३,४२२ अंशांपर्यंत टिकते. मात्र त्यावर ऑक्साइडचे पुट चढते.

१९७० नंतर ट्रान्झिस्टरने हळूहळू ही जागा घेतली. तरी कोणाच्या दारात जुनी फियाट असेल, तर कारागिराकडून झाकण उघडवून पाहा. खड्डा आणि उंचवटा नुसत्या डोळ्यांनीही दिसतो.